कडी लागली की निघाली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत एका वाचकाने विचारलं होतं, की रात्री उठून उठून दार तपासायची सवय कशी सुटेल. उत्तर छापून आलं : एकदाच तपासा, मन घट्ट करा, सवय मोडेल. उत्तर अगदी चुकीचं नाही, म्हणूनच हे पत्र. आमच्या घरात हाच सल्ला पाळला आणि माणूस हातचा जायची वेळ आली. भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, विचारूनच लिहिते आहे.

आमचं गाव किल्लारीजवळचं. २९ सप्टेंबर १९९३ ला विसर्जन आटोपून भाऊजी उशिरा घरी आले, अंगणात बाज टाकून आडवे झाले. कुत्री आत शिरू नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी घातली. आत सासूबाई झोपलेल्या. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. माळवदाचं घर, दगडमातीच्या जाडजूड भिंती. कडी नसती तरी त्यांना बाहेर येता आलं नसतं, हे आम्ही आज म्हणतो. पण ही कडीची गोष्ट आम्हाला कळली तीच वीस-बावीस वर्षांनी. तोवर भाऊजींनी ती कुणालाही सांगितली नव्हती.

आम्हाला दिसत होता तो मंत्रचळ. रात्री दहा-पंधरा वेळा दाराशी जाणं, भिंतीला हात लावणं, झोपलेल्या पोरांचे श्वास मोजणं. नातेवाईक हसायचे. एकाने तर बाहेरचं बघायला सांगितलं. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी ओसीडी, म्हणजे मंत्रचळाचाच आजार, सांगितला, गोळ्या दिल्या आणि तपासणं थांबवायचा सराव दिला. हा सराव नावाजलेला आहे. भीती वाटेल त्या गोष्टीला सामोरं जायचं, पण त्यावरचा विधी, म्हणजे पुन्हा पुन्हा तपासण्यासारखी कृती, करायची नाही. १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी तो मांडला आणि आजही ओसीडीवर यापेक्षा चांगला मानसोपचार फारसा नाही. भाऊजींनी तो नेटाने केला. बारा दिवस दाराकडे गेले नाहीत. तेराव्या रात्री किंचाळत उठले, आणि मग रोजच. डोळे मिटले की माती नाकातोंडात जाते, म्हणायचे. आजार बळावला असं धरून गोळ्या वाढवल्या, वर झोपेची गोळी दिली. त्या गोळीने ते दिवसाही पेंगायला लागले, स्वप्नं मात्र तशीच.

पुढे सोलापुरात एक समुपदेशक बाई भेटल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत एक साधा प्रश्न केला : कडी लागलीय का बघता, की निघालीय का? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. चोराच्या भीतीने बघतात, असंच मी धरून चालले होते. भाऊजी कडी निघालेली आहे ना, हे बघत होते.

मग उलगडलं. ते तपासणं म्हणजे आठवणीवर ठेवलेलं झाकण होतं. झाकण काढलं आणि खालचं उसळलं. ओसीडी आणि आघातानंतरचा तणाव, म्हणजे पीटीएसडी, एकाच माणसात असले की एक उतरताना दुसरा चढतो, असं काही रुग्णांत दिसलेलं आहे. पेच असा, की सर्ट्रालीनसारखं औषध दोन्हींवर चालतं, त्यामुळे चिठ्ठी बघून काही चुकतंय हे कळत नाही. (ओसीडीत डोस बहुधा जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात, हेही कुणी धड सांगत नाही. लोक महिन्याभरात गोळ्या सोडतात.) फरक पडतो तो बोलण्याच्या उपचारात. पीटीएसडीत त्या रात्रीची हकिकत पुन्हा पुन्हा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगावी लागते. भाऊजींच्या बाबतीत बाईंनी दोन्ही सराव जोडीने घेतले : आठवड्यातून एकदा ती रात्र सांगायची, आणि दाराच्या फेऱ्या एकेक करून कमी करायच्या. वर्ष गेलं. कुणाचं आधी आठवणीवर काम करावं लागतं, कुणाचं आधी विधींवर. हे माणूस बघूनच ठरतं, चार ओळींच्या उत्तरात नाही.

माझी तक्रार आपल्या तज्ज्ञांवर नाही. सरकारी बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरला एका पेशंटमागे पाच मिनिटं मिळत नाहीत, तिथे तीस वर्षांपूर्वीची कडी कोण विचारणार? पण लेखी उत्तराला वेळेची घाई नसते. सवय मोडायचा सल्ला देण्याआधी ती कधी आणि कशानंतर सुरू झाली, एवढं वाचकाला स्वतःला विचारायला सांगा. आणि सदराखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दर वेळी छापा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

भाऊजी अजून रात्री दोनदा उठतात. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, दोनदा चालेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, उमरगा