टिळकांना नवा करार देणाऱ्या प्रवाशास

प्रिय साहेब,

ख्रिस्ताठायी सप्रेम सलाम.

नागपूरहून सुटलेल्या आगगाडीत तुमची एका मराठी कवीशी गाठ पडली होती. राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी तो निघाला होता. तुम्ही त्याच्याशी आपुलकीने बोललात, त्याच्या आवडीच्या काव्यावर बोललात आणि मग बायबलमधला नवा करार त्याच्या हाती ठेवलात. हा नीट अभ्यासा, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही म्हणालात. नाव त्याने विचारले नाही, तुम्हीही सांगितले नाही.

तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी, नगरच्या ख्रिस्ती मंडळीतला एक साधा सभासद म्हणून मी तुमचे आभार मानतो आहे. दर रविवारी आम्ही टिळकांची गीते गातो, आणि त्या गीतांमागे तुमचा हात आहे.

टिळक तेव्हा काही वाया गेलेले गृहस्थ नव्हते. करजगावात जन्मलेले, संस्कृतात मुरलेले, कीर्तन करणारे. देव एक आणि सगळी माणसे भावंडे, असा काही धर्म असावा, अशी मांडामांड त्यांच्या मनात चालली होती. अशा माणसाला ‘हरवलेला’ म्हणायचे का? नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात, प्रभू येशूने सांगितलेले तिन्ही दाखले, म्हणजे हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि घर सोडून गेलेला उधळा मुलगा यांच्या गोष्टी, मी यासाठी पुन्हा पुन्हा वाचतो. जकातदार आणि पापी लोकांबरोबर हा जेवतो, अशी कुरकुर परूशी, म्हणजे नियमांबाबत कडक असलेले यहुदी धर्मपुढारी, करत होते, त्यांना दिलेले ते उत्तर आहे. मेंढरू भरकटते, धाकटा मुलगा आपल्या पायांनी निघून जातो; पण नाणे? ते तर घरातच पडलेले असते. त्याचा काही अपराध नसतो आणि त्याचे मोलही तसूभर कमी होत नाही. दिवा लावते ती बाई, घर झाडते ती, जिवाची तगमग होते तिची. म्हणून हरवलेल्यांसाठी प्रार्थना करताना आमच्यापैकी कुणाच्या आवाजात वरचढपणा आला की मला फार वाईट वाटते. तिसऱ्या दाखल्यात धाकटा परत आल्यावर बाप आनंदाने मेजवानी देतो, तेव्हा थोरला मुलगा रुसून बाहेर उभा राहतो आणि बाप त्याचीही समजूत काढायला बाहेर येतो. वर्षानुवर्षे चर्चच्या बाकावर बसणाऱ्या आम्हा लोकांची जागा बहुधा तिथेच आहे.

टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले ते तुम्हाला शब्द दिला होता म्हणून. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलवेना. मनात वर्षानुवर्षे साठलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांना त्या तीन अध्यायांत सापडली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढचेही तुम्हाला सांगायला हवे, कारण ते सगळे गोड नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळले. नवरा जिवंत असून त्या काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या, लोकांचे बोल सोसले. प्रभूमागे जाण्याची किंमत आधी त्या बाईने मोजली, तीही स्वतः न मागता. सुवार्तेच्या सभांमध्ये हा भाग घाईघाईने उरकला जातो. तसे होऊ नये. नंतर त्या टिळकांकडे परतल्या, तरी धर्म त्यांनी नवऱ्याच्या सांगण्यावरून बदलला नाही. जातिभेद माणसांनी केले, देवाने नाही, हे आधी त्यांच्या स्वतःच्या विचाराला पटले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या घरात पुढे अनाथ मुले वाढली, बालकवी ठोंबरे राहिले. टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्रावरचे काव्य लक्ष्मीबाईंनीच पुरे केले.

आणि आमच्या उपासनेला तर आवाज मिळाला. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ पासून सुरू होते, तरी मराठी माणसाच्या गळ्यात सहज बसेल असे भजन टिळकांनी दिले. अभंग, ओवी, कीर्तन हे सारे त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी आणून ठेवले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही जागा होती. आजच्या आमच्या मंडळ्यांना एवढे मोठे मन आहे का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

साहेब, तुमचे आभार मानण्याचे आणखी एक कारण आहे. येशूविषयी कुणाशी बोललो की हल्ली पहिली शंका येते ती आमिष दाखवून धर्म बदलायला लावण्याची. काही वेळा ती अन्यायाने घेतली जाते, तरी तिचा विचार आम्हीही करायला हवा. कुणाच्या औषधपाण्याला मदत करताना आत अट दडवली, तर ती प्रीती नव्हे, सौदा झाला. आणि प्रभूने कुणाला बरे करताना सौदा केलेला नाही. तुम्ही नोकरीचे आश्वासन दिले नाही की पैशाचे. समोरच्याच्या बुद्धीचा मान राखलात, पुस्तक दिलेत आणि बाकीचे देवावर सोपवलेत. आपला विश्वास कसा सांगावा, याचा याहून चांगला धडा मला मिळालेला नाही.

आमच्या शेजारचे आजोबा वारकरी आहेत. नाताळात फराळाला आले, तेव्हा उधळ्या मुलाची गोष्ट निघाली. मुलगा दूर असतानाच बाप धावत सुटतो, या ठिकाणी त्यांनी मला थांबवले. “एवढा वयाचा माणूस, जमीनजुमलावाला, आणि रस्त्याने धावला? लोकांसमोर?” मी म्हटले, हो, धावला. त्यांचा स्वतःचा मुलगा बरीच वर्षे घरी आलेला नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग ती गोष्ट ज्यात आहे तो नवा करार त्यांनी वाचायला मागितला. मी दिला. वाचून झाला का, असे मी त्यांना विचारत नाही. त्यांना वाटेल तेव्हा ते बोलतील. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलासाठी रोज प्रार्थना मात्र करतो.

गाडीतून उतरल्यावर तुम्हीही टिळकांसाठी प्रार्थना करत राहिला असाल, अशी माझी खात्री आहे. त्या प्रार्थनांबद्दल नगरच्या आम्हा सर्वांचे मनापासून आभार.

आपला,
ख्रिस्ताठायी एक बंधू