इरकल पहिल्या दिवशी, बाकी दिवस कुर्ते

पुणे, रविवार, 8 जून 2025

प्रिय आई आणि बाबा,

हे फोनवर बोलता आलं असतं, पण बाबा फोन स्पीकरवर टाकतात आणि आई मागून ओट्यापाशी उभी राहून बोलते, मग मुद्दा राहतो बाजूला आणि मला फक्त कोपऱ्यावरच्या काकूंच्या मोतीबिंदूचं कळतं. म्हणून व्हॉट्सॲपवर टाईप करून पाठवतेय. बाबा, अक्षर मोठं करून घ्या आणि आईला सगळं वाचून दाखवा, मधली वाक्यं गाळू नका.

आई, मामाकडून कळलं, तू माझ्या शाळेतल्या नव्या नोकरीसाठी कपाटातून साड्या काढून ठेवल्यास, ब्लाऊज उसवायला घेतलेस आणि वरच्या कप्प्यासाठी स्टुलावर चढलीस. स्टुलाकडे नंतर येते. साड्या मी रोज नेसणार नाहीये. ठरलंय, कापड घेऊन झालंय, कुर्ते शिवूनसुद्धा आलेत, तेव्हा आता नाही म्हणू नकोस. मला माहितीये तुझ्या डोळ्यासमोर शाळेतली बाई म्हणजे पिना लावलेली साडी आणि खांद्याला पर्स. पण मी वर्गावर जाणार नाही गं, मी शाळेच्या ऑफिसात असते. दिवसभर खिडकीपाशी बसून हळूहळू सही करायची असं ते काम नाही. जुन्या जनरल रजिस्टरांचा, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते त्या वह्यांचा, गठ्ठा मागच्या खोलीत रॅकच्या वरच्या फळीवर असतो आणि दाखल्याची दुसरी प्रत मागायला कोणी आलं की शिडी लावून मलाच चढावं लागतं. (हो, मी चढते. माझे गुडघे शाबूत आहेत.) त्यात निऱ्या सांभाळायच्या की रजिस्टर? शिवाय यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसलाय. गेटपासून ऑफिसपर्यंत चिखल आहे, आणि तुझ्या नारायणपेठ साडीचे काठ त्या चिखलात भिजलेले मला बघवणार नाहीत, तुला तर मुळीच नाही.

आणि बाबा, तुम्ही कात्रण पाठवलंत ते मिळालं. 15 मार्च 2024 चा तो कपड्यांबद्दलचा जीआर शिक्षकांसाठी आहे, मी शिक्षकेतर. तरी आमच्या मुख्याध्यापिका म्हणतात की ऑफिसनेही तेच पाळायचं, आणि मला ते पटलंय. जीन्स नाही, टी-शर्ट नाही, गडद रंग नाहीत, चित्रविचित्र नक्षी नाही. पण तुम्ही पेनाने खूण केली होतीत त्याच्या खालची ओळ वाचली नाहीत का? त्यात बायकांसाठी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा असं सगळं लिहिलंय. म्हणजे मी नियमातच आहे. आणि डिसेंबर 2020 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी जे निघालं होतं, निदान शुक्रवारी तरी खादी वापरा म्हणून, ते मला लागू नसलं तरी मी स्वतःवर लावून घेतलंय. दर शुक्रवारी खादी. आता तरी खूश ना? तुमच्या खादीच्या शर्टाला आई कांजी करायची तशी मला जमत नाही, माझी पापडासारखी होते.

कुर्ते कसे आहेत ते सांगते म्हणजे आईला रात्री झोप लागेल. लक्ष्मी रोडवरून मंगळगिरीचं कापड घेतलं, बारीक काठाचं, साधं. रंग मातकट, फिका मोरपंखी, राखाडी आणि एक आमसुली. आमसुली जरा गडदच आहे, पण मॅडमनी बघून होकारार्थी मान हलवली. पांढरा मुद्दाम घेतला नाही, कारण शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई. ती बोटाला लागते, बोटाची ओढणीला, आणि मग कुठे कुठे लागेल सांगता येत नाही. म्हणून बाह्याही पूर्ण नाहीत, कोपराच्या खाली चार बोटं, म्हणजे पॅडवरून घासत जात नाहीत. लांबी गुडघ्याखाली, खाली सरळ पँट, लेगिंग नाही. शिवायच्या आधी सगळं कापड रात्रभर पाण्यात भिजवून ठेवलं होतं, तू शिकवलंस तसंच, नाहीतर मंगळगिरी पहिल्या धुण्यात आखडून पोटरीवरून गुडघ्यावर येतं. लिननही बघितलं होतं, दिसायला झकास, पण बसून उठलं की मागून गोळा केलेल्या कागदासारखं दिसतं. रेयॉन स्वस्त होतं पण ते दमट हवेत अंगाला चिकटतं.

आणि खिसा! प्रत्येक कुर्त्याला उजवीकडे शिवणीत खिसा करून घेतलाय. टेलर म्हणाला, लेडीज कुर्त्याला खिसा दिला की फिटिंग बिघडतं मॅडम. म्हटलं बिघडू दे. कपाटाच्या चाव्या, फोन आणि शिक्क्याची डबी मी काय कमरेला खोचू? बाबा, तुमच्या सफारीला चार खिसे होते, तेव्हा कुठे कोणी फिटिंगचं नाव काढलं होतं.

नटायचं पण नाहीये हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. परवा एक आजी आल्या, नातीच्या ॲडमिशनला, हातात कॅरीबॅग, त्यात जन्मदाखला, रेशनकार्ड आणि आधार, घड्या पडून पडून मऊ झालेले कागद. आधारवर नावाचं स्पेलिंग एक, जन्मदाखल्यावर दुसरं. आता युडायसला (शाळांची सरकारी ऑनलाईन नोंद) आणि अपार आयडीला (मुलाचा शिक्षणाचा ओळख क्रमांक) नाव जुळलंच पाहिजे, नाहीतर पोर अडकतं. त्या खिडकीपाशी येऊन आधी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, बाई, तुम्हीच का ते नावाचं करता? मी त्या दिवशी राखाडी कुर्ता घातला होता, ओढणी पिन लावून, कानात साधे टॉप्स. मला वाटतं त्या बघण्यात कपड्यांचा हिशोब होता. फार भारी दिसलं असतं तर बोलल्या नसत्या आणि चुरगळलेलं असतं तर विश्वास बसला नसता. माझं असं मत झालंय की ऑफिसात टापटीप राहायचं ते समोरच्याला धीर यावा म्हणून. बाबा, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, सांगलीत निम्मे लोक तुम्हाला इस्त्रीच्या घडीवरून ओळखतात.

तुम्ही म्हणालात, ऑफिसातलीच नोकरी करायची होती तर मोठी कंपनी काय वाईट होती, आणि शाळेतच जायचं होतं तर बीएड कर. बाबा, तुम्ही चिडून नाही म्हणालात, काळजीने म्हणालात, हे मला कळतं. पण कंपनीत जाऊन-येऊन ज्या अवस्थेत मी घरी यायचे ते तुम्ही दिवाळीत बघितलंय, आई तर त्या रात्री माझ्या उशाशी बसून होती. वर्गात उभं राहून शिकवणं हे तुमचं, माझं नाही. मला रजिस्टर आवडतात. नोंदी सरळ रेषेत आल्या की मला बरं वाटतं, याला काय करू! पगार कमी आहे, मान्य, पण शाळा चालत दहा मिनिटांवर आहे, दुपारी गरम डबा खाते, ऑफिसात पंखा माझ्या डोक्यावरच आहे आणि मावशी न मागता चहा आणून देतात. मेडिक्लेम मी स्वतःचा काढलाय. पैसे पाठवू नका. मागच्या वेळचे परत पाठवले तर आई दोन दिवस बोलली नव्हती, ते नको.

कधीकधी सकाळी इस्त्री करताना तुमच्या दोघांची रविवारची रात्र आठवते. बाबा वर्तमानपत्रावर माझे बूट पॉलिश करायचे, फुंकर मारून मारून, आणि आई पिनाफोर गादीखाली घडी करून ठेवायची, आणि मी मुद्दाम त्याच बाजूला झोपायचे, म्हणजे घडी माझ्याच वजनाने पडेल. शर्टाला नीळ जास्त झाली की तू म्हणायचीस, आभाळ उतरलंय, जा आता. मला तेव्हा खरंच वाटायचं की शाळेत सगळ्यात छान मीच दिसते.

आता ऐका दोघंही. आई, स्टूल शेजारी देऊन टाक. माळ्यावर ठेवू नकोस, परत काढायला चढशील. गुडघ्याचा पट्टा फक्त डॉक्टरकडे जाताना बांधायचा नसतो. बाबा, बीपीची गोळी रोज ठरलेल्या वेळी, आणि बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायची नाही, आणि जिन्यातला दिवा रात्री चालू ठेवा, बिल मी भरते.

आणि आई, रागावू नकोस. सगळ्या साड्या परत कपाटात ठेव, फक्त जांभळ्या काठांची इरकल बाहेर राहू दे. सोमवारी 16 तारखेला शाळा भरतेय, पहिल्या दिवशी मुलांना गुलाब द्यायचाय, रॅकवर चढायचं नाहीये, त्या दिवशी तीच नेसणार. पंधरा ऑगस्टला नारायणपेठ. पण ब्लाऊज मला दंडात होणार नाही, उसवलाच आहेस तर अर्धा इंच सैल कर.

शनिवारी या दोघं. एसटीला आईचं अर्धं तिकीट आणि बाबांना तर आता फुकट, फक्त आधार खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. स्वारगेटला मी घ्यायला येते, रिक्षावाल्याशी वाद घालत बसू नका. येताना भडंग आणा, आणि जरा जास्त आणा, ऑफिसात आम्ही सहाजण आहोत.

तुमची,
मनू