मामाला कळवलेल्या नकाराबद्दल

तीर्थरूप आई आणि बाबांस साष्टांग नमस्कार.

मामाच्या धाकटीच्या स्थळाला मी नकार दिला आहे आणि तो मामाला मीच कळवला आहे, कारण त्याच्यापुढे तुम्हांला मान खाली घालायला लागू नये. मुलगी गुणी आहे, घर आपलेच आहे, हे सारे खरे. परंतु मामाची मुलगी करण्याची आपली रीत मावशीच्या थोरल्याकडे पाहिले की मला खटकते. चवथीच्या आरतीला तो घुमट वाद्याच्या मडक्याला तळहात लावून बसतो. नाद त्याला तेवढाच कळतो.

आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली की मावशीने पोटुशी असताना ग्रहणात विळी हाती धरली, म्हणून तो बहिरा जन्मला. तसे काही नसते. जवळजवळ प्रत्येक जनुकाची एक प्रत आपल्याला आईकडून मिळते आणि एक वडिलांकडून. जन्मजात बहिरेपणाच्या बऱ्याच प्रकारांत दोन्ही प्रती सदोष असल्या तरच मूल बहिरे होते. एकच सदोष असणाऱ्याला नीट ऐकू येते आणि त्याचा पत्ताही लागत नाही. मावशीला तिच्या आतेच्याच घरी दिली, तेव्हा आजोबांच्या घराण्यातली एकच प्रत दोन वाटांनी येऊन त्या मुलात एकत्र झाली असावी. अशा जोडप्याला प्रत्येक बाळंतपणात धोका चारांत एक असतो, म्हणूनच मावशीच्या इतर मुलांना ऐकू येते.

आई, हा तुझ्या माहेराचा दोष समजू नकोस. अशी दडलेली जनुके बाबांकडेही असणार, सर्वांकडेच असतात. मावशीकडे ती प्रत असेल तर तुझ्याकडे असण्याची शक्यता निम्मी आणि माझ्याकडे पाव, मामाच्या बाजूने धाकटीकडेही पाव; म्हणजे आम्हां दोघांकडेही असण्याची शक्यता सोळांत एक, आणि त्यावर वरचा चारांत एक धरला की आमच्या मुलाला धोका चौसष्टांत एक. तू म्हणशील, हा कितीसा! पण हे झाले आपल्याला ठाऊक असलेल्या एका जनुकाचे. मामे-आतेभावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुके सारखी असतात, त्यांत आणखी काय दडले आहे ते कोण सांगणार? आर्चिबाल्ड गॅरड या इंग्रज डॉक्टरने १९०२ मध्येच दाखवले होते की अल्कॅप्टोन्यूरिया या दुर्मीळ विकाराच्या रुग्णांचे आईवडील पुष्कळदा सख्ख्या भावंडांची मुले असतात. अशा जोडप्यांची बहुतेक मुले धडधाकट निपजतात, हेही तितकेच खरे. तरीही मला ही जोखीम नको.

सून बाहेरची आली म्हणून तुमचे काही अडणार नाही. उकड्या तांदळाची पेज तुम्हांला वेळेवर मिळेल, आणि पावसाआधी कौले परतायला मी येतोच आहे. लहानपणी ताप आला की तुम्ही दोघे आळीपाळीने उशाशी बसत होता, ते मी विसरलेलो नाही.

बाबा, रक्तदाबाची गोळी सोडू नका. आई, मामाचा फोन आला तर रडू नकोस आणि धाकटीत खोट काढली असे कोणाला वाटू देऊ नकोस. मावशीला मात्र सांग की थोरल्याचे लग्न निःशंक मनाने ठरवावे, फक्त नात्यातली मुलगी नको आणि आधी दोघांची जनुकतपासणी करून घ्यावी. मुलीकडे तेच सदोष जनुक नसेल तर त्याची मुले वाहक, म्हणजे एकच सदोष प्रत असलेली, होतील, पण या जनुकापायी बहिरी होणार नाहीत.

तुमचा,
बाबू