मांड्यात निघालेली खापराची कपची आणि घासणीची तार

दिनांक : ३ मे २०२५

प्रति,
मालक,
तयार खान्देशी पदार्थांचे दुकान,
जळगाव

विषय : दि. २९ एप्रिल रोजी आपल्याकडून घेतलेल्या खापरावरच्या मांड्यांमध्ये खापराची कपची व तारेचा तुकडा निघाल्याबाबत.

संदर्भ : १) आपली बिलाची चिठ्ठी, दि. २९ एप्रिल. २) दि. १ मे रोजी आपल्या गल्ल्यावर झालेलं बोलणं.

महोदय,

मंगळवारी, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या संध्याकाळी, मी आपल्या दुकानातून पुरणाचे आठ मांडे नेले. नगाला १०० प्रमाणे ८०० रुपये रोख दिले. आठ दिवस आधी येऊन नाव नोंदवलं होतं. आपली ती लाल बाइंडिंगची वही आहे, तिच्यात माझं नाव आणि फोन नंबर सापडेल. ही वही पुढे लागणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी मांडे विकत आणणाऱ्यातली बाई नव्हे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून खापर माझ्याकडेच होतं. कणीक वस्त्रगाळ करायची, रबरासारखी ताणेपर्यंत तिंबायची, दोन पाऱ्यांत पुरण भरायचं, आणि मग दोन्ही हातांवर झेलत झेलत मांडा कोपरापर्यंत वाढवून पालथ्या खापरावर टाकायचा, हे मी तहसील कचेरीतली नोकरी सांभाळून तीस-बत्तीस आखाज्या केलं. गेल्या दिवाळीत उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. हात आता खांद्याच्या वर जात नाही. लेकीला म्हटलं, या वर्षी तव्यावरच्या पुरणपोळ्या करू. तिला ते पटेना, कारण जावई मूळचे साताऱ्याकडचे, आणि त्यांना चार वर्षांपासून खापरावरचा मांडा खायला घालायचं कबूल केलेलं. म्हणून आपल्या दारात आले.

३० तारखेला सकाळी घागर भरली. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, आणि आपल्याच डब्यातला पहिला मांडा मोडून, आमरसाबरोबर पितरांना आगारी टाकली. सासरे हयात असताना भातात खडा लागला तर काही बोलायचे नाहीत, नुसते ताटाकडे बघत राहायचे, आणि स्वयंपाकघरात सगळ्यांच्या हातापायातलं बळ जायचं. त्यांच्या वाट्याला काय गेलं असेल कोण जाणे.

मग आम्ही पानावर बसलो. माझी नात सहा वर्षांची आहे. मांड्याचा तुकडा रसात बुडवून खाता खाता म्हणाली, "आजी, माझ्या पोळीत केस आलाय." म्हटलं काढून टाक. तिने ओढला, तर तो येईना. वरच्या दाढेत आणि गालाच्या मध्ये अडकला होता. लेकीने तोंड उघडून बोटाने काढला. केस नव्हता. तार होती. भांडी घासायच्या स्टीलच्या घासणीतली, स्प्रिंगसारखी पिळाची, सरळ केली तर बोटाच्या दोन पेरांएवढी. हिरडीला टोचून रक्त आलं होतं. थेंबभरच, पण वाटीतल्या पिवळ्या रसात तो लाल ठिपका पडला आणि कोणाचा घास खाली उतरेना.

पानं उचलली. जावयांच्या ताटात कुरडईचा मोठा तुकडा तसाच होता. तो उचलला, तर खाली खापराची कपची, हरभऱ्याच्या डाळीएवढी. एका अंगाने काळी, दुसऱ्या अंगाने विटकरी. आग्रह करून वाढलेला दुसरा मांडा खाताना त्यांच्या दाताखाली आली होती. सासुरवाडीचं पान, म्हणून माणूस काही न बोलता तिला कुरडईखाली झाकून पुढे जेवत राहिला. दाढेतलं जुनं सिमेंट त्या कपचीनेच निघालं, ते संध्याकाळी लेकीकडून कळलं. १ मे सुट्टीचा दिवस, म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे २ तारखेला जावं लागलं. ६०० रुपये झाले. पावती सोबत आहे.

आता गल्ल्यावरचं बोलणं. १ तारखेला सकाळी मी दोन्ही वस्तू कागदाच्या पुडीत बांधून घेऊन आले. आपण नव्हता. गल्ल्यावरच्या भाऊंनी कपची उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "मावशी, खापराचीच आहे ना? मग उलट खात्री पटली, की माल खापरावरचाच आहे, तव्यावरचा नाही." मागे रांगेतली दोन माणसं हसली. मलाही क्षणभर हसू आलं, खोटं कशाला सांगू. उत्तर हजरजबाबी होतं. पण दाढ माझ्या जावयाची होती.

तार दाखवली तर म्हणाले, ती तुमच्याच घरची असेल, घासणी कोणाच्या घरी नसते? आमच्या घरी आहे, नाही म्हणत नाही. पण ती तार पुरणात होती, दोन पाऱ्यांच्या मधे. मांडा आपल्याकडून भरून, भाजून, घडी घालून, डब्यात टेप लावून आला. आमची घासणी त्याच्या पोटात शिरली कशी, हे त्यांनी मला समजावून सांगावं.

या दोन वस्तू मी एका तागडीत तोलत नाही. कपचीचं मला कळतं. खापर मातीचं. नवं असेल आणि सुरुवातीलाच एकदम जाळ दिला, किंवा तापल्या खापरावर जास्त ओला फडका पडला, तर टवका उडतो. ओलसर पारीला तो खालून चिकटतो आणि मांड्याबरोबर निघून येतो. माझ्याही हातून एकदा झालं आहे. म्हणून तर प्रत्येक मांडा उतरवला की खापरावरून फडका फिरवायचा आणि घडी घालण्याआधी मांडा उलटून बघायचा, हे सासूने शिकवलं. आपल्याकडे आखाजीच्या गर्दीत चार चुली पेटल्या असतील, उलटून बघायला कोणाला सवड नसेल. चूकच आहे, पण त्या कामातलीच चूक आहे.

तारेचं तसं नाही. पुरणात तार येते ती पुरणयंत्रातून किंवा पातेल्यातून. पुरणयंत्राच्या जाळीत डाळ वाळून बसली की ती निघत नाही, मग बाया तारेच्या घासणीने रगडतात. घासणी जुनी झाली की तिची तार सुटते, जाळीच्या भोकात अडकते, आणि पुढचं पुरण वाटताना खाली उतरते. ती जाळी रात्रभर गरम पाण्यात भिजत घातली आणि सकाळी ब्रशने धुतली, तर तारेची गरजच पडत नाही. हा माझा अंदाज आहे, आत येऊन मी काही पाहिलेलं नाही. आपण पाहू शकता. घासणी उचलून बघा, पिळातून तारा निघाल्यात का.

मला काळजी आहे ती याचीच. खापराची कपची एका मांड्याला चिकटते, तिथे विषय संपतो. पुरण मात्र एकेका मांड्यापुरतं कोणी वाटत नाही. त्या पातेल्यातलं पुरण किती डब्यांत गेलं असेल? माझ्यासमोर त्या संध्याकाळी रांग रस्त्यापर्यंत होती. आखाजीला आलेल्या लेकी परत जाताना डबे पुण्या-मुंबईला घेऊन जातात, काही जण ट्रॅव्हल्सच्या गाडीत पार्सल टाकतात, आणि तिकडे ते फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभर पुरवून खातात. माझ्या पुडीकडे बघून भाऊंनी त्या लोकांचा विचार करायला हवा होता. त्यांनी विचार केला तो दुकानाचा. "चार मांडे फुकट घेऊन जा मावशी, फक्त व्हॉट्सअ‍ॅपला टाकू नका."

मी मांडे घेतले नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपलाही टाकलं नाही. आपल्या मांड्याची चव चांगली आहे, वेलदोडा बेताचा, पुरण नीट शिजलेलं. त्या चुलींवर राबणाऱ्या बायांचा सीझन दोन फोटोंनी बुडावा असं मला वाटत नाही. पण म्हणून गप्प बसेन असंही नाही. २९ वर्षं कारकुनी केली आहे, कागद कसा चालतो ते मला माहीत आहे.

ज्या अर्थी कागदाचीच गोष्ट निघाली आहे, त्या अर्थी हेही लिहिते. आपल्या डब्यावर दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर आहे. मांडे कधी केले ती तारीख नाही, कधीपर्यंत खावेत ते नाही, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक नाही. बिलाच्या चिठ्ठीवरही तो क्रमांक नाही, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. विकलेल्या अन्नात अशी बाहेरची वस्तू निघाली तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चं कलम ५४ लागतं, दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे. ग्राहकाला इजा झाली तर भरपाईचं कलम ६५ वेगळं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. धमकी म्हणून हे लिहिलेलं नाही. पण भाऊंचा समज असा दिसला, की मावशी फार तर चार मांड्यांवर ऐकेल.

माझं मागणं असं आहे. मांड्यांचे ८०० आणि डॉक्टरांचे ६०० असे १४०० रुपये परत द्यावेत, वर एक रुपया नको. पण त्याच्या आधी, हे पत्र मिळाल्याच्या दिवशीच, ती लाल वही उघडून २९ आणि ३० तारखेला ज्यांनी मांडे नेले त्यांना फोन करावेत आणि उरलेले मांडे खाऊ नका, असं सांगावं. नावं वहीत आहेत, नंबर वहीत आहेत, एका माणसाचं दुपारभराचं काम आहे. नाव न नोंदवता नेणारेही असतील, त्यांच्यासाठी दारावर पाटी लावावी. पुरणाच्या भांड्यांपासून तारेची घासणी हद्दपार करावी. पुढच्या डब्यांवर तारीख आणि परवाना क्रमांक असावा. परवानाच काढलेला नसेल तर तो आधी काढावा. आणि काय केलं ते मला लेखी कळवावं, तोंडी नको. तोंडी उत्तर मी १ तारखेला ऐकलं आहे.

फोन करण्यासाठी दोन दिवस आणि बाकीच्यासाठी पंधरा दिवस, म्हणजे १८ मेपर्यंत, मी थांबते. सोमवारी ५ तारखेला संध्याकाळी मी दुकानावरून जाईन. पाटी दिसली नाही, तर ६ तारखेला या पत्राची प्रत आणि उरलेले दोन मांडे घेऊन जळगावच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाईन. ते दोन मांडे आपल्या मूळ डब्यातच, टेपसकट, फ्रीजरमध्ये ठेवले आहेत. घरात सगळ्यांना बजावलं आहे, की हात लावायचा नाही. आमचे हे मात्र रोज रात्री विचारतात, की दोनपैकी एक तरी चांगला असेल ना.

कपची आणि तार माझ्याजवळ आहे, फोटो सोबत जोडला आहे. आपल्याला प्रत्यक्ष बघायची असेल तर पाकिटावरच्या पत्त्यावर जरूर या, पण संध्याकाळी पाचनंतर या. दुपारच्या उन्हात येऊ नका.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव व पत्ता पाकिटावर आहे)

सोबत : बिलाच्या चिठ्ठीची झेरॉक्स, दाताच्या डॉक्टरांच्या पावतीची झेरॉक्स, दोन्ही वस्तूंचा फोटो (शेजारी मापासाठी एक रुपयाचं नाणं ठेवलं आहे).