नाव कापलं, पण जोडलं नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
(आणि अन्न व नागरी पुरवठा खात्याच्या मा. मंत्र्यांसही, कारण आमची फरफट या दोन खात्यांच्या मध्येच झाली)

सा. न. वि. वि.

मी जळगाव जिल्ह्यातल्या तापीकाठच्या एका खेड्यात राहतो, केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. आजवर कुठल्या मंत्र्याला पत्र लिहायची वेळ आली नव्हती. परवा बायकोला दवाखान्यातून घरी आणलं आणि लिहायला बसलो.

आमचं लग्न फेब्रुवारीत झालं. तिचं माहेर धुळे जिल्ह्यातलं. लग्नाची नोंद ग्रामसेवकांकडे लगेच केली. आमच्या रेशन कार्डात तिचं नाव चढवायचं, म्हणजे मोफत उपचाराच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतही ती आमच्या कुटुंबात येईल, एवढं मला माहीत होतं. त्यासाठी आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. सासरे सकाळी गेले आणि संध्याकाळी दाखला घेऊन आले. कार्डावर तिच्या नावावर लाल शाईची रेघ, बाजूला सही-शिक्का. एका दिवसात काम फत्ते.

मग मी आमच्याकडे अर्ज दिला. "आठ दिवसांत होऊन जाईल," असं सांगण्यात आलं. कधी साइट बंद, कधी साहेब मीटिंगला, कधी आधारवर अजून वडिलांचंच नाव आहे म्हणून अर्ज परत. सात खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला एका दिवसाचा पगार कापला गेला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी गेली. लग्नानंतरची पहिली आखाजी. लिंबाच्या झाडाला झोका बांधलेला, हातावर मेंदी. दुसऱ्या रात्री कमरेतून कळ निघाली, उलट्या सुरू झाल्या, पहाटे हुडहुडी भरून ताप. मुतखडा नळीत अडकला होता, किडनी सुजली होती. डॉक्टर म्हणाले, आत संसर्ग झालाय, आजच्या आज नळी टाकून लघवीची वाट मोकळी करावी लागेल. खडा नंतर काढू.

दवाखाना योजनेतला होता. तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या पोराने, तिच्या वडिलांच्या कार्डाचा नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. तिची आई, वडील, भाऊ, सगळे दिसत होते. ती नव्हती. मग माझ्या कार्डाचा नंबर टाकला. मी, आई, बाबा. ती तिथेही नव्हती. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी घेऊन कागद नंतर द्यायची सोय योजनेत आहे, ते मी बोललो. तो पोरगा भला होता, म्हणाला, "दादा, नंतर तरी कुठला कागद देणार तुम्ही?" सासरे भिंतीला टेकले आणि म्हणाले, "आते मनी पोर कोना घरनी समजानी?" (आता माझी पोर कुणाच्या घरची समजायची?)

पलीकडे ती बाकड्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. मेंदीच्या हातावर सलाइनची चिकटपट्टी. मी आईचे दागिने गहाण टाकले, चौऱ्याहत्तर हजार भरले.

साहेब, 2012 साली ही योजना जीवनदायी या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आमचं धुळं होतं. पुढे महात्मा फुल्यांचं नाव दिलंत. दीड लाखाचं संरक्षण पाच लाख करायचा निर्णय 2023 मध्ये झाला. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही कार्ड चालेल असं ठरलं. चांगलंच केलंत, मी नाकारत नाही. पण ते पाच लाख ज्या कार्डावर आहेत त्या कार्डात नवी सून शिरेपर्यंत तिच्या वाट्याला शून्य आहे, हे मंत्रालयात कुणाच्या ध्यानात आलं नाही?

आमच्यासारख्या तालुक्यात शंभर गावं धरा, गावात वर्षाला पाच-सहा लग्नं धरा. म्हणजे एका तालुक्यात पाचशे-सहाशे मुली दरवर्षी या मधल्या काळात अडकत असणार. हा माझा अंदाज आहे. खरा आकडा तुमच्या कचेऱ्यांत आहे. आणि अडकतात त्या मुलीच. लग्न माझंही झालं, माझं नाव कुठूनही कापलं गेलं नाही. माझं आधार, माझं बँक खातं, माझं कार्ड जसंच्या तसं. तिने मात्र दर खिडकीवर आपण कुणाची मुलगी आणि कुणाची बायको ते सिद्ध करत फिरायचं. 2024 ला लाडकी बहीणचे अर्ज भरायला अंगणवाडी ताई घरोघर आल्या, गावोगाव कॅम्प लागले. तेव्हा हीच यंत्रणा पळाली ना? मग मनात आणलं तर जमतं. सेवा हमी कायदा 2015 पासून आहे, मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड त्यात लिहिलेला आहे. मी अपिलाचं नाव काढलं तर मला सांगितलं गेलं, "अपील करा, मग बघू कधी होतं ते." साधा माणूस तिथेच गप्प बसतो. मीही बसलो होतो, आणि त्याची किंमत तिने भोगली.

माझं मागणं फार नाही. सासरच्या कार्डात नाव चढल्याशिवाय माहेरच्या कार्डातून कापू नका. दोन्ही कामं एकाच अर्जात, एकाच वेळी होऊ द्या. तोवर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि नवऱ्याचं कार्ड एवढ्यावर दवाखान्यात मंजुरी मिळावी. दोन्ही खात्यांनी बसून एक परिपत्रक काढलं तरी पुरे. आणि आमच्या चौऱ्याहत्तर हजारांचं काय, तेही कृपया लेखी कळवा.

तिच्या पोटातली नळी महिनाभराने काढायची आहे, खडा तेव्हाच फोडायचा आहे. त्यातले नऊ दिवस गेले. आज सकाळी पुन्हा कचेरीत जाऊन आलो. नाव अजून चढलेलं नाही.

आपला,
तापीकाठचा एक नागरिक