मे महिन्यात कूलर बंद करणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाचनालयाच्या सभागृहात मी संगीत, चित्रपट आणि राजकारण यांच्याकडे द्वंद्वात्मक दृष्टीने, म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या आतला विरोध शोधत, कसे पाहता येते, या विषयावर बोललो. तुम्ही शेवटच्या रांगेत बसला होतात आणि आभारप्रदर्शनात आपले नाव येणार, हे ओळखून त्याआधीच उठून गेलात. व्यासपीठावरून जे सांगायचे राहिले ते आता सगळ्यांच्या देखत लिहितो आहे. तुमचे नाव मात्र लिहीत नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही.

हा विषय महाविद्यालयात मला रीतसर शिकवण्यात आला होता. फळ्यावर ‘वाद, प्रतिवाद, संवाद’ (म्हणजे एक मत, त्याला विरोध आणि दोघांचा मेळ) असे तीन शब्द लिहायचे, त्यांच्याखाली रेघ मारायची आणि जर्मन तत्त्वज्ञ हेगेल संपला असे जाहीर करायचे, एवढेच ते शिकवणे होते. शंका विचारली तर परीक्षेला एवढेच येते, असे उत्तर मिळे. ही त्रयी हेगेलने आपल्या पद्धतीचे सूत्र म्हणून मांडलेलीच नाही, हे पदवी मिळाल्यावर कितीतरी वर्षांनी मला तुमच्याकडून कळले. पुढे एका अभ्यास मंडळात जाऊ लागलो, तर तिथे प्रश्न विचारण्याआधी आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे सिद्ध करावे लागे. या दोन्ही ठिकाणच्या माणसांकडे पुस्तके होती, अधिकार होता आणि वेळही होता; समोरच्याचे ऐकून घेण्याची तयारी तेवढी नव्हती. त्याबद्दलचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

धंतोलीतल्या तुमच्या घरी मी हीच अडचण घेऊन आलो होतो. विरोध हा दोन वेगळ्या वस्तूंमध्ये नसून एकाच वस्तूच्या पोटात असतो, हे वाक्य मी वाचले होते, पाठही केले होते, पण ते मला कुठे दिसत नव्हते. तुम्ही लगेच काही समजावून सांगितले नाही. रात्रीचा राग भरदुपारी ऐकवतो आहे, असे म्हणून आधी क्षमा मागितलीत आणि बिहाग रागाचे एक जुने ध्वनिमुद्रण लावलेत. नागपुरातली मे महिन्याची दुपार होती. खिडकीतल्या कूलरची घरघर खोलीभर पसरली होती आणि तिच्यात गाण्याचे बारकावे बुडून जात होते. तेव्हा सत्तरी ओलांडलेले तुम्ही उठलात आणि कूलर बंद केलात. मी नको नको म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, “थांब बाबू, घाई कायची आहे? ऐक.” थोड्याच वेळात तुमचा सदरा पाठीला चिकटला, कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला, पण तो पुसण्यासाठीही तुम्ही हात हलवला नाहीत, कारण एक बोट वर धरून तुम्ही त्या स्वराची वाट पाहत होता.

मग तो स्वर आला. पंचमावरून (प) तीव्र मध्यमाला (चढ्या ‘म’ला) स्पर्श करून गायक गंधारावर (ग) उतरला, लगेच शुद्ध मध्यमाकडे (साध्या ‘म’कडे) वळला आणि पुन्हा गंधारावर येऊन थांबला. बिहाग हा बिलावल थाटातला, म्हणजे सगळे शुद्ध स्वर असलेल्या रागगटातला, मुळात शुद्ध मध्यमाचा राग. त्यात तीव्र मध्यम विवादी, म्हणजे रागाबाहेरचा, मानला जाई आणि रागाची गोडी वाढवण्यापुरताच, जपून लावला जाई. हळूहळू गायकांनी त्याला इतके आपलेसे केले की आज त्याच्यावाचून बिहाग ऐकणाऱ्याला अपुरा वाटतो. तरीही शुद्ध मध्यमाचे स्थान गेलेले नाही, आणि दोघांची सरमिसळ होऊन तिसराच कुठला मध्यमही झालेला नाही. परक्या स्वराने रागाला स्वतःच्याच रूपाची नवी ओळख करून दिली. तुमचे बोट खाली आले तेव्हा मला विचारायचे काही उरले नव्हते.

चित्रपटाचे दार त्यानंतर सहज उघडले. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाईनच्या १९२५ सालच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मधले दगडी सिंह तुम्ही पुन्हा पुन्हा दाखवलेत. एक निजलेला, दुसरा जागा झालेला आणि तिसरा उठलेला, असे ते तीन वेगळे पुतळे आहेत. चित्रफितीचे तुकडे जोडले की मात्र दगड खवळून उठतो. ती गती कोणत्याही एका तुकड्यात नाही, तुकड्यांच्या टकरीत आहे. लगोलग तुम्ही नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला प्रसंग लावलात. डुकरामागे धावणारे कुटुंब शाळेतले राष्ट्रगीत कानी पडताच जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. इथे टक्कर दोन चित्रांची नाही, एकाच प्रसंगाच्या आत आहे. तो पाहून झाल्यावर तुम्ही बाबासाहेबांचे संविधान सभेतले २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण माझ्यासमोर ठेवलेत. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण पाऊल टाकणार आहोत, आणि ती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक राजकीय लोकशाहीचा हा डोलारा उडवून देतील, असे त्यात त्यांनी बजावले होते. ते भाषण मी आधी वाचलेले होते, पण राष्ट्रगीतासाठी ताठ उभी राहिलेली ती माणसे पाहिल्यावर ते मला कळले.

उत्साहाच्या भरात मी विजयादशमीचा दाखला दिला: त्याच दिवशी १९२५ मध्ये याच शहरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्याच सणाला, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, म्हणजे एकाला उत्तर म्हणून दुसरे. तुम्ही मला थांबवलेत आणि दुसऱ्या दिवशीचे, १५ ऑक्टोबरचे भाषण काढून दिलेत. संघ इथे आहे म्हणून आपण नागपूर निवडले, हे खरे नाही, असे बाबासाहेब त्यात स्वतः सांगतात आणि बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची आठवण काढतात. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की विरोध दिसतो, पण त्या मुद्द्याचा स्वतःचा इतिहास वाचल्याशिवाय तो समजत नाही, एवढे बोलून तुम्ही चहा टाकायला आत गेलात.

अशी माणसे विदर्भात अजून आहेत, याचे मला मोठे अप्रूप वाटते. आपल्याला येते ते दुसऱ्याला यावे म्हणून ती घाम गाळतात, शिकवल्याची कुठे नोंद ठेवत नाहीत आणि आपल्याहून लहान माणसाचा अर्धवट प्रश्नही पूर्ण होऊ देतात. पुस्तक उसने देताना तुम्ही ते कधी परत करणार हे विचारत नाही, आणि परत केल्यावर त्यात मी मारलेल्या खुणांवर नाराज होण्याऐवजी त्यांतल्या दोन-तीन वाचून दाखवून, इथे का थांबलास, असे विचारता. मोठ्या पदांवरच्या लोकांना हे जमले नाही, त्याला कारण विद्वत्तेची उणीव नव्हती. त्यांच्यात शालीनता नव्हती, आणि तिच्यावाचून कोणतेही तत्त्वज्ञान दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही, असे मी आता ठामपणे म्हणतो.

आपला एक वाद शिल्लक आहे. २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. तिथे उद्दिष्ट एक, फरक साधनांचा, असे तुमचे वाचन आहे. मला वाटते की हिंसा किंवा हुकूमशाही हे साधन एकदा स्वीकारले की उद्दिष्टही बदलून जाते, त्यामुळे हा फरक तुम्ही समजता त्याहून खोल आहे. माझ्या बाजूची टाचणे काढून ठेवली आहेत. दिवाळी आटोपली की ती घेऊन घरी येतो. तोवर तुम्ही तुमची काढून ठेवा.

आपला विद्यार्थी