रविवारच्या बैठकीची आठवण

नमस्कार मंडळी,

रविवारी सकाळी १० ला मंगळवार पेठेतल्या आपल्या खोलीवर सगळ्यांनी यायचं आहे. श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे गरजू वृद्धांच्या सरकारी पेन्शनचे, अर्ज भरायचे आहेत. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. आपल्या गल्लीतल्या आजी-आजोबांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आधीच बघून ठेवा. आणि बँक खातं आधारला जोडलंय का, हे जरूर विचारा. मागच्या खेपेला एका आजींनी दुधाच्या पिशवीत जपून गुंडाळलेलं पासबुक काढलं, पण खातं जोडलेलंच नव्हतं. त्या वयात पुन्हा हेलपाटा, फार वाईट वाटलं.

शिलाई मशीन घेतलेल्या ताईंना पिको-फॉलचं काम हवंय. मदत नको, साड्या द्या, म्हणाल्यात. येताना घेऊन या.